लेनीचं कोपर

यंदा ड्यूईचं नाक ठेचणार, याबद्दल वेंडेल क्रप्काला तिळमात्र शंका नव्हती!

"मार्लीन, हिरा सापडलाय, हिरा!" टोस्टला लोणी लावता लावता तो ओरडला. "लेनी ग्रबोव्स्की! आपल्या ईरी गावचाच पोरगा. सामन्यात पहिला चेंडू टाकणारा पिचर, आणि अख्ख्या अमेरिकेत कोणाचं त्याच्याकडे लक्ष नाही!"

"लोणी बाहीला लागतंय," बायको म्हणाली.

घरचा दरवर्षीचा खेळ तसा सोपा. खऱ्या बेसबॉल खेळाडूंमधून पाळीपाळीने एकेक जण निवडून कागदावर आपली टीम बांधायची; एकाने घेतलेला दुसऱ्याला मिळत नाही. घाम ते गाळणार, गुण आपल्याला! मार्लीनचा भाऊ ड्यूई दरवर्षी पहिला यायचा आणि वेंडेल शेवटचा. शेवटच्याने गुलाबी एप्रन घालून थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाची सगळी भांडी घासायची, आणि ड्यूईने त्याचे फोटो काढायचे.

पण आता लेनी होता! गेल्या उन्हाळ्यात गावच्या मैदानावर वेंडेलने त्याला डोळे भरून पाहिलं होतं. त्याचा संथ चेंडू इतका संथ, की फलंदाज बॅट फिरवून, घरी जाऊन, जेवून आला तरी तो पोचलेला नसायचा! आता लेनी मोठ्या टीममध्ये जाणार होता.

भीती एकच. ड्यूईही ईरीचाच. त्याला वास लागला तर?

म्हणून शुक्रवारी चर्चच्या जेवणात, तळलेल्या माशांसाठी लागलेल्या रांगेत वेंडेलने खेळी केली. चेहरा पाडून तो ड्यूईला म्हणाला, "लेनीचं ऐकलंस? कोपर गेलं म्हणे."

"अरेरे! एवढ्यात?" ड्यूई हळहळला.

वेंडेलने हसू लपवायला ताटलीत तोंड घातलं. पण मागे उभ्या असलेल्या दोन बायकांनीही ऐकलं होतं! बातमी कोबीच्या कोशिंबिरीपाशी पोचली, तोवर लेनीचं कोपर निकामी झालं. गोड पदार्थांच्या टेबलापाशी हात लुळा पडला. बाहेर गाड्यांपाशी पोचेपर्यंत तो हात कापायचंही ठरलं! रविवारी फादरनी खास प्रार्थनाच सांगितली. "हे देवा, आमच्या लेनीला डाव्या हाताने जगायचं बळ दे!" सगळ्यांबरोबर वेंडेलनेही घाईघाईने डोळे मिटले. मार्लीनने मात्र एक डोळा उघडा ठेवून नवऱ्याकडे पाहिलं.

दुपारी ड्यूईच्या तळघरात खेळाडूंची निवड सुरू झाली. चार फेऱ्या झाल्या, लेनीचं नाव कोणी काढलं नाही. पाचव्या फेरीत ड्यूईनंतर वेंडेलची पाळी होती. तो खुर्चीच्या टोकावर आला.

इतक्यात जिन्यावर दाणदाण पावलं वाजली. लेनीची आई! हातात एकावर एक रचलेली झाकलेली पातेली.

"माझ्या लेकाचा हात कोण कापतंय?" त्या गरजल्या. "सकाळपासून अकरा बायका रडत येऊन गेल्या! प्रत्येकीने सांत्वनाला नूडल्सचं पातेलं दिलंय! फ्रीजचं दार लागेना! मी लेनीला फोन केला तर तो म्हणतो, आई, त्याच हातात फोन धरलाय! माशांच्या रांगेत तुमच्यापैकीच कोण बोललं होतं म्हणे?"

सगळ्या माना वेंडेलकडे वळल्या. मार्लीनची सर्वांत आधी!

"अहो मिसेस ग्रबोव्स्की, माझ्या ऐकण्यात चूक झाली!" वेंडेल उडालाच. त्या माउलीच्या डोळ्यांत पाणी पाहून त्याला राहवेना. "लेनीचं कोपर ठणठणीत आहे! काय तो हात! काय तो संथ चेंडू! यंदा त्याच्यासारखा पिचर दुसरा नाही, माझ्या गळ्याची शपथ!"

"असं?" ड्यूई गोड हसला. "मग मी लेनी घेतला."

तळघरात हशा उसळला. लेनीच्या आईने ड्यूईची पापी घेतली आणि पातेल्यांची झाकणं उघडली.

"वेंडेल, तुझी पाळी! अर्धं मिनिट!"

वेंडेलच्या डोक्यात नुसत्या नूडल्स! एकही नाव आठवेना. दहा सेकंद... पाच...

"ऑर्विल स्टॅम्पर!" तो किंचाळला.

ड्यूईने काटा खाली ठेवला.

"अरे, स्टॅम्परने दोन वर्षांपूर्वीच खेळ सोडला. आता फ्लॉरिडात होड्या विकतो."

वेंडेलने सगळ्यांकडे पाहिलं. मग घसा खाकरून हळूच विचारलं,

"पण... बऱ्या खपतात ना?"