शेवरीचं हक्काचं घर

मुलांनो, एका जंगलात शेवरी नावाची बिबटीण राहत होती. जंगल उसाचं होतं. त्यातून पाण्याचा पाट जायचा आणि विहिरीवर मोटार चालायची. शेवरी तिथंच जन्मली, तिथंच वाढली. तिची आईही तिथलीच. मोटारीची घरघर ऐकल्याशिवाय तिला झोप येत नसे.

मळा कौसाबाईंचा होता. त्या खुरपायला आल्या की मुद्दाम मोठ्यानं खोकायच्या. मग शेवरी थोडी आत सरकायची. दोघींचं बरं चाललं होतं.

एकदा शेवरीनं सरपंचांचा कुत्रा खाल्ला. लगेच ग्रामसभा भरली.

"जंगली जनावर जंगलातच शोभतं," सरपंच रुंजाजीराव म्हणाले. कुत्र्याचा विषय त्यांनी काढलासुद्धा नाही.

पिंजरा आला. पिंजऱ्यात शेळी आली. शेळीमागोमाग शेवरीही आली.

वनखात्याच्या साहेबांनी छोटंसं भाषण केलं. "आज आपण हिला तिच्या हक्काच्या घरी पोचवतोय!"

शेवरीला वाटलं, म्हणजे कौसाबाईंच्या मळ्यात. ती निवांत बसली.

गाडी थांबली ती डोंगरात. मोठाली झाडं, मोठाले दगड, आणि मोटारीचा आवाज म्हणून नाही. पिंजऱ्याचं दार उघडलं, तशी शेवरी बिचकत बाहेर आली.

समोरच्या दगडावर एक म्हातारा बिबट्या बसला होता.

"कुठली गं तू?"

"उसातली. आजोबा, इथं कोंबड्या कुठल्या बाजूला?"

"इथं सांबर असतं. पाठलाग करून धरायचं."

"म्हणजे ते पळतं?"

म्हाताऱ्याला तिची दया आली. पण इलाका त्याचा होता. "आज माझ्यातलं खा, पोरी. उद्या आपल्या घरी जा."

"साहेब म्हणाले, हेच माझं घर."

"मला नाही विचारलं कुणी."

शेवरी परत निघाली. पाय सोलवटले, पोट पाठीला लागलं, पण ती चालत राहिली.

इकडे ती गेल्यावर रानडुकरांना रान मोकळं झालं होतं. कौसाबाईंचा भुईमूग त्यांनी उकरून फस्त केला होता. ऊसही तोडून कारखान्याला गेला होता. शेवरी पोचली तर मळा सपाट! लपायला जागा नाही आणि समोर खुरपं घेऊन कौसाबाई. दोघींचीही बोबडी वळली.

कौसाबाई आधी सावरल्या.

"आलीस होय गं बाई? त्या डुकरांनी पार वाटोळं केलं बघ. पण इथं कुठं बसशील? तोडलेल्या उसाचा खोडवा आत्ताशी फुटतोय. जा, रुंजाजीरावांचा ऊस अजून उभा आहे."

शेवरी तिकडे गेली. तिथं तिला दोन पिल्लं झाली. सरपंचांना ती दिसली, पिल्लंही दिसली. त्यांच्या मक्याकडे मात्र यंदा एकही डुक्कर फिरकलं नाही.

ग्रामसभा अजून भरलेली नाही.

तात्पर्य : जंगली जनावराने आपल्या मूळ घरीच राहावे. मूळ घर कोणते, हे ज्याच्याकडे पिंजरा असेल त्याला विचारावे.