खारीवरचा आळ

चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या त्या घरातला भोपळ्याचा वेल खारीने तोडला नाही, मी तोडला. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. खारीची बाजू घेणारं तेव्हा कुणी नव्हतं.

घरमालक पंचनदराव तंजावरकडचे मराठी. निवृत्त हेडक्लार्क, एकटेच राहायचे. ऑक्टोबर लागला तशी त्यांच्या गळ्यात मफलर आला. मी गच्चीवरच्या खोलीत उघड्या अंगाने पंख्याखाली पडलेला, आणि खालून हाक, "पुणेकर, विंटर आलं." मी साताऱ्याचा. पण त्यांच्या लेखी महाराष्ट्रात तेवढं एकच गाव होतं.

मग अंगणाची तयारी. "अस्की करायचं," असं ते बजावत. अस्की म्हणजे सगळं. पन्हळ साफ केली, शेवग्याच्या फांद्या छाटल्या, कुंड्या वळचणीला आणल्या. शेवंतीला जुना बनियन पांघरला. भोपळ्याचा वेल मात्र न्हाणीघराच्या पत्र्यावर थाटात चढवला. स्वतः भोपळा खात नसत; वायू होतो म्हणे. दुपारी भिंतीवरच्या खारीला दहीभात. तिला ते "मामी" म्हणत.

डिसेंबरात वेल फुलांनी पिवळा झाला. फळ खायचं नाही, फुलाला हात लावायचा नाही, ही कसली बागायत? ओरगडमच्या कारखान्यात आठवडाभर सांबार जेवलेल्या माणसाला त्या फुलांत फक्त भजी दिसतात. रविवारी ते देवळात गेल्यावर मी पत्र्यावर चढलो. शेवटचं फूल लांब होतं. ओढलं, तर वेलच बुंध्याशी कट्‌कन मोडला. मी तो मातीत खोचून वर पाचोळा सारला आणि भजी तळली. एक बशी त्यांनाही दिली, कसली ते न सांगता. त्यांनी मिटक्या मारत खाल्ली आणि आणखी आहेत का विचारलं.

दोन दिवसांत वेल सुकला. त्यांनी बुंधा दाखवला. "बघ, दात. फुलं अस्की खाल्ली. मामीचं काम." दहीभात बंद झाला. खार भिंतीवर वाट बघत बसे आणि ते तिला मराठीत सुनावत. तमिळमध्ये बोललं तर घरचं भांडण शेजाऱ्यांना कळेल ना!

डिसेंबरच्या मध्यावर तमिळ लोकांचा मार्गळी महिना लागला, त्या पहाटे मी कंपनीच्या बससाठी खाली उतरलो. पंचनदराव दारात गुडघ्यांवर बसून कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढत होते. ठिपके तिरके, रेघा थरथरत्या. मधोमध शेणाचा गोळा, त्यावर काहीच नाही. समोरच्या दारातल्या गोळ्यावर भोपळ्याचं पिवळं फूल खोचलेलं होतं. तेव्हा मला कळलं, ते फुलं कशासाठी राखत होते.

"विकत मिळतं की," मी म्हणालो.

"विकतचं ती लावत नव्हती." ती म्हणजे त्यांची बायको, आदल्याच वर्षी गेलेली. "अस्की मार्गळी घरचंच फूल. म्हणायची, दारीं फूल नसलं तर लोकांस वाटेल, आत कोणी नाही."

हात झटकून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पुणेकर, खारच होती ना? उगा उपाशी नको ठेवायला."

बसने हॉर्न दिला.

"खारच असणार," मी म्हणालो आणि बसमध्ये चढलो.

पुढे माझी बदली झाली. पंचनदराव आता नाहीत. त्यांचं मी महिनाभराच्या फुलांचं देणं लागतो, आणि मामीचं दहीभाताचं.