देव तापला

चंपाषष्ठी उद्यावर आली होती. सासूबाई भिवराबाई राणीसावरगावहून परभणीला आमच्याकडे आल्या, त्या खंडोबाचा चांदीचा टाक पदरात बांधूनच. सोनाराकडून उजळून आणा, एवढंच त्यांनी मला सांगितलं. पण मी पडलो हायस्कुलातला कारकून (म्हणजे निम्मा शास्त्रज्ञ), तेव्हा ठरवलं, टाक घरीच उजळायचा.

शाळेत बन्सीधर मास्तरांनी मोरचुदाच्या निळ्या पाण्यात बॅटरीच्या दोन तारा सोडून दाखवल्या होत्या. एका तारेवरची वस्तू पाण्यात झिजते, ती ॲनोड. दुसरीवर तांबं येऊन बसतं, ती कॅथोड. मळ झिजवायचा तर टाक ॲनोडला बांधायचा, हे मला पक्कं ठाऊक होतं. घरी तसंच निळं पाणी करून मी तो नेमका कॅथोडला बांधला, आणि दुसऱ्या तारेला तांब्याची पट्टी.

टाक बाहेर काढला तर चांदीचा खंडोबा तांबडालाल. (चिंचेने घासला, तर जास्तच झळकला.) चांदीचा देव विकून जावयाने तांब्याचा आणला, असा सासरी बोभाटा झाला असता तर माझ्या बायकोला, कासाबाईला, माहेरचा उंबरा बंद होता.

सासूबाईंनी टाक पाहिला. मग बायकोला म्हणाल्या, "कासे, देव तापलाय. घरात कुनाच्या तरी हातून पाप झालंय."

मी सगळं कबूल केलं, कॅथोडसकट.

"जावईबापू, तुमाला कंदिलाची वात सरळ कापता येईना, अन् तुमी देवाचा रंग पालटला म्हनता?"

"आई म्हनायलीय ते खरं हाय," बायको म्हणाली.

पुरावा म्हणून दोघींच्या देखत मी तारा उलट जोडायला बसलो. तारा सोडल्या आणि गडबडीत पुन्हा होत्या तशाच जोडल्या. टाक आणखी लाल झाला.

"खोटं बोललात, तसा आनखी तापला. आता तरी खरं सांगा," सासूबाई म्हणाल्या.

कासाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मला पाहवेना. आषाढी एकादशीपासून चंपाषष्ठीला देवाला भरताचा नैवेद्य दाखवेपर्यंत आमच्याकडे वांग्याला कोणी शिवत नाही. मी सांगितलं, श्रावणात हॉटेलात चोरून वांगं खाल्लं. (खाल्लं नव्हतं.) हे मात्र दोघींना ताबडतोब पटलं.

सकाळी मास्तरांकडून टाक गुपचूप पांढरा करून आणला आणि देवघरात ठेवला. देव शांत झालेला पाहून सासूबाईंनी हात जोडले आणि मला जन्मभर वांगं वर्ज्य केलं. चुलीवर तेव्हा भरीत फोडणीला पडत होतं.