सुभेदार जगदाळ्यांचा पाव इंच

सुभेदार जगदाळ्यांनी मला पहिल्यांदा मिठी मारली ती प्रेमापोटी नव्हे. त्यांना माझं मत हवं होतं.

लखनौच्या तेलीबागेतल्या त्यांच्या घरामागे पत्र्याची एक शेड होती. एका रविवारी सकाळी त्यांनी मला तिथे बोलावून घेतलं, दाराला आतून कडी घातली आणि म्हणाले, "सुधीर, हितं ये. मिठी मार."

मी दारापाशीच घुटमळलो. माणूस साठीला टेकलेला, खटाव तालुक्यातला, मिशा दोन्ही गालांवर पसरलेल्या. शेजारी राहायला आल्यापासून त्यांनी कुणाला साधा हात मिळवलेला मी पाहिला नव्हता. होळीला सगळी गल्ली एकमेकांच्या गळ्यात पडायची, तेव्हा हे फाटकाआडून कडक नमस्कार करायचे आणि दार लावून घ्यायचे.

"लाजतोस काय? हितली मानसं ईदला मारत्यात तशी. तीनदा."

मारल्या तीन मिठ्या.

"काय लागलं?"

"मिशा लागल्या."

"मिशा सोड. कमरंला?"

"कमरेला काही नाही."

त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं मी बँकेत नोकरीला नसून परीक्षा मंडळात आहे आणि नुकताच त्यांना पहिला नंबर दिलाय. त्यांनी चौकड्याच्या शर्टाचा उजवा काठ वर उचलला. पँटच्या पट्ट्याआड, पातळ चामड्याच्या म्यानात, एक छोटं पिस्तूल अगदी शहाण्या मुलासारखं बसलं होतं.

"पाव इंच," सुभेदार म्हणाले. "समदा खेळ पाव इंचाचा हाय."

मी स्टूल ओढून बसलो. माझी पिस्तुलाशी ओळख बँकेच्या दारातल्या गार्डच्या बंदुकीपलीकडे गेली नव्हती, आणि तीही गोळीविना असावी असं मला नेहमी वाटायचं.

मी त्र्याण्णव साली बदलीवर लखनौला गेलो. गल्लीत मराठी बोलणारी घरं दोनच, आमचं आणि जगदाळ्यांचं. सुभेदारांनी तीस वर्षं लष्करात आर्मररचं काम केलं होतं, म्हणजे पलटणीची हत्यारं खोलायची, दुरुस्त करायची, पुन्हा जोडायची. शेवटचं पोस्टिंग लखनौ छावणीत झालं आणि ते तिथेच राहिले. रिटायर होताना जगदाळेकाकूंनी एकच अट घातली होती, की ह्यापुढे घरात तेलाचा वास आला तर तो शिलाई मशीनच्याच तेलाचा यायला हवा. सुभेदारांनी ती पाळली. काकूंचं मशीन ते दर पंधरा दिवसांनी खोलून तेलपाणी करायचे, आणि गल्लीतल्या बायांची मशीनं, कुकर, गॅसच्या शेगड्या त्या शेडमध्ये फुकट दुरुस्त करून द्यायचे.

पण त्यांचं खरं नाव होतं ते दुसऱ्याच विद्येसाठी. लखनौत त्या काळी ज्याला त्याला पिस्तुलाच्या परवान्याची हौस. ठेकेदार, वकील, वीटभट्टीवाले असे कोणी ना कोणी "सूबेदार साहब, कौन-सी लें?" विचारत शेडमध्ये यायचे. सुभेदार त्यांना पिस्तूल दाखवायचे नाहीत. शिसवी लाकडाचे ठोकळे दाखवायचे. निरनिराळ्या मापांचे सात-आठ ठोकळे त्यांनी स्वतः तासून ठेवले होते. त्यातला एक हातात द्यायचा आणि सांगायचं, "आठ दिन कमर में लगाके घूमो. फिर बात करेंगे."

ठेकेदार तिवारीजींची परीक्षा मी स्वतः पाहिली. तिवारीजी लखनवी चिकन-भरतकामाच्या झिरझिरीत कुर्त्याखाली रुंद पट्टा बांधून, त्याला लांबलचक रिव्हॉल्व्हर लटकवून आले होते. सुभेदारांनी त्यांना पाटावर बसवलं. मग वाकून काडेपेटी उचलायला लावली. मग माळ्यावरचा डबा काढायला लावला. डबा काढताना कुर्ता वर गेला, पट्टा खाली आला आणि तिवारीजींना एका हाताने डबा आणि दुसऱ्याने पायजमा सांभाळावा लागला.

"देखा? सब दिख गया," सुभेदार म्हणाले.

"अरे साहब," तिवारीजी धापा टाकत म्हणाले, "दिखेगा ही नहीं तो फ़ायदा क्या?"

सुभेदारांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्या माणसाने देवघरात चप्पल घालून पाय ठेवला होता.

त्यांचं शास्त्र मला हळूहळू पाठ झालं. ते खिशात जाडी मोजायचा व्हर्नियर बाळगायचे आणि माझं पाकीट, बायकोने केलेलं थालीपीठ, पोराची कंपासपेटी, काहीही मोजायचे. लोक लांबीला घाबरतात, ते म्हणत, पण लांबी पँटच्या आत उतरते. दगा देते ती जाडी, पाव इंच जास्त झाली की संपलं. आणि मूठ. मूठ आखूड हवी म्हणजे शर्टाला टोचत नाही. पण इतकीही आखूड नको, की करंगळी अधांतरी राहावी. वजन एवढंच हवं, की सकाळी लावलेलं दुपारी विसरायला झालं पाहिजे. जड पिस्तूल माणूस चार दिवस मिरवतो, पाचव्या दिवशी कपाटात ठेवतो.

"आणि कोपरे?" मी विचारायचो, कारण हा त्यांचा आवडता धडा होता.

"कोपरं न्हाईच पायजेत! साबणाची वडी बघितलीस का? नवी नव्हं. आठ दिवस वापरल्याली. तसं पायजे. म्हंजे काढताना आडकत न्हाई, आन् कापड खात न्हाई." इथे ते हमखास स्वतःचा शर्ट चिमटीत धरायचे. "सहा वर्सं झाली हे लावतोय. एका तरी शर्टाला भोक दाखव."

खरंच नव्हतं. मी पाहिलं होतं. मे महिन्यात, घामाने माणूस भिजून जातो अशा उकाड्यात सगळं लखनौ मलमलीत वावरायचं, तेव्हा सुभेदार जाड चौकड्याच्या ढगळ बुशशर्टात फिरायचे आणि तो शर्ट कुठेही विरलेला नसायचा.

"शर्ट कोण शिवतं?" मी एकदा विचारलं.

"ही शिवते. पर हिला माप कुठं घ्याया येतंय! चार बोटं जास्तीच सोडते. माझ्या पथ्यावर पडलं."

आता मूळ गोष्ट सांगायला हवी. ते पिस्तूल हौसेचं नव्हतं. आमच्या गल्लीच्या टोकाला शुक्ला भाभींचा प्लॉट होता. नवरा वारल्यावर त्या बाई एकट्या. मी लखनौला येण्याच्या दोन वर्षं आधी, एके दिवशी पहाटे काही माणसांनी तिथे भिंत घालायला घेतली आणि जागा आपलीच म्हणून सांगितलं. फिरायला निघालेल्या सुभेदारांनी ती माणसं ओळखली. कोर्टात सांगायला गल्लीतलं कोणी पुढे येईना. तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "तुम्ही बघितलंय नव्हं? मग सांगा की. त्यात काय?" आणि सुभेदारांनी सांगितलं. खटला सुरू झाला, तसे निरोपही सुरू झाले. कधी पानवाल्याकडून, कधी फाटकात टाकलेल्या चिठ्ठीतून.

सुभेदारांनी रीतसर अर्ज केला, रीतसर परवाना मिळवला. पोलीस घरी चौकशीला आला तेव्हा काकूंना सांगितलं, की पासपोर्टची चौकशी आहे. काकूंनी तेव्हापासून दर दिवाळीला विचारायला सुरुवात केली, "मग, कुठं नेताय?"

"काकूंना सांगून का नाही टाकत?" मी म्हटलं.

सुभेदारांनी व्हर्नियर मिटून खिशात टाकला. "साक्ष दे म्हनून तिनं सांगितलं. आता मला हे लावून फिराया लागतंय म्हनल्यावर ती सवताला दोष दिईल. बीपीच्या गोळ्या चालू हायत. तू तोंड उघडू नगंस."

म्हणजे सहा वर्षांचं हे शास्त्र, हे ठोकळे, हा पाव इंच, कुणा गुंडासाठी नव्हताच. गुंडांना तर पिस्तुलाचा परवाना निघाल्याची बातमी त्याच दिवशी लागली असेल. सगळी लपवाछपवी एका माणसापासून होती, आणि तो माणूस रोज त्यांच्याच ताटात भाकरी वाढत होता.

सगळ्यात मोठी पंचाईत स्कूटरची. काकू मागे आडव्या बसायच्या, आणि बसलेल्या बाईचा उजवा हात आपसूक नवऱ्याच्या कमरेला जातो. सुभेदारांनी पहिल्याच दिवशी ओरडून सांगितलं होतं, "कंबर नगं, खांदा धर! गुदगुल्या व्हत्यात!" ही गोष्ट गल्लीभर झाली. पासष्ट आणि एकाहत्तरची लढाई पाहिलेल्या सुभेदाराला बायकोचा हात लागला की गुदगुल्या होतात, ह्यावर बायका आठवडाभर हसल्या. सुभेदारांनी ते हसूही निमूट झेललं.

एकदा मात्र ते शेडमध्ये आले ते दाराला कडी न घालताच बोलायला लागले. काकू मागे बसलेल्या असताना रायबरेली रोडवर एक मोटरसायकल त्यांच्या स्कूटरला लागून चालली होती. वरच्या दोघांपैकी एकजण हसत म्हणाला, "सूबेदार साहब, अगली पेशी पर आराम कीजिए. माताजी की भी तो उमर हो गई है."

"मग?"

"मग काय. ठीक है भैया, म्हनालो. ही म्हनली काय विचारत हुते? म्हनलं, सरोजिनी नगरचा पत्ता." त्यांनी उजवा हात कमरेपाशी नेला. "माझा हात गेला हुता रं तिथवर. पर हिचा हात खांद्यावर हुता. मी हललो असतो तर तिला समदं कळलं असतं."

पुढच्या पेशीला, म्हणजे कोर्टाच्या तारखेला, ते गेले. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, मिशांना तेल. मी बँकेत रजा टाकून बरोबर येतो म्हणालो, तर म्हणाले, "तू हिच्याकडं बघ." म्हणून मी बायकोच्या ब्लाउजचं कापड घेऊन काकूंकडे जाऊन बसलो.

काकू मशीनवर होत्या. नवा चौकड्याचा बुशशर्ट शिवत होत्या. शर्टाच्या आतून, कमरेच्या जरा वर, जुन्या सुती साडीचा तळहाताएवढा मऊ तुकडा त्या जोडत होत्या. उजवीकडे जोडला, मग शर्ट फिरवून तसाच डावीकडे.

"हे अस्तर कशाला, काकू?"

"उजव्या अंगाला कापड झिजतं."

मी विचारलं, "मग डावीकडे?"

"एकाच बाजूला लावलं तर ह्यांना कळंल की."

मशीन चालत राहिलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी मान न उचलता विचारलं, "तुला म्हाईत हाय नव्हं?"

मी मान डोलावली.

"सहा वर्सं शिवतेय. घेरही चार बोटं जास्ती सोडते. मापात शिवलं तर फुगवटा दिसंल." त्यांनी दाताने दोरा तोडला. "पासपोर्ट म्हनं! आलाय का कधी पासपोर्ट?"

"मग तुम्ही बोलत का नाही?"

"माझ्यापायी भ्यालेत हे मला कळू नये म्हनून येवढी धडपड करत्यात. मला कळलंय म्हनलं तर त्यांची भीती दुप्पट व्हईल. एक आपली, एक माझी." त्यांनी सुईत पुन्हा दोरा ओवला. "मीच सांगितलं हुतं साक्ष द्या म्हनून. रोज ते घरी येईस्तोवर मशीन चालवते. ह्यांना सांगू नगंस."

त्या दिवशी दुपारभर त्यांनी चार शर्ट शिवले. स्कूटरचा आवाज आला तेव्हा मशीन थांबलं, आणि काकू चहा टाकायला उठल्या, जणू चारची वेळ झाली एवढंच.

तर अशी माझी गंमत झाली. दोन घरांच्या मधल्या भिंतीसारखा मी, एका बाजूला सुभेदारांचं गुपित, दुसऱ्या बाजूला काकूंचं. सुभेदार "एका तरी शर्टाला भोक दाखव" म्हणायचे, तेव्हा मी छताकडे बघायचो. पिस्तूल चांगलं होतंच, त्यांचं शास्त्रही खरं होतं. फक्त त्या शास्त्रात साडीच्या तुकड्याचा धडा नव्हता.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात निकाल लागला. शुक्ला भाभींना प्लॉट मिळाला, भिंत पडली, आणि धमक्या देणारा माणूस दुसऱ्याच कुठल्या भानगडीत आत गेला. सुभेदार पिस्तूल हत्यारांच्या परवानाधारक दुकानात रीतसर जमा करून आले. शेडमध्ये मला म्हणाले, "अंग हलकं झालंय रं. चालताना डावीकडं कलतोय."

दुसऱ्या दिवशी दोघं सदर बाजारात भाजीला निघाले. मी फाटकात उभा होतो. सुभेदारांनी स्कूटर सुरू केली, काकू मागे बसल्या आणि सवयीने हात खांद्यावर ठेवला. शर्ट उजवीकडे सरळ पडलेला त्यांच्या नजरेने टिपला असावा, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात खांद्यावरून सावकाश खाली उतरला आणि उजव्या कमरेवर, बरोबर त्या जागी, जाऊन बसला.

सुभेदारांनी आधी गिअर टाकला. मग त्यांच्या ध्यानात आलं असावं, की आता गप्प राहिलो तर सहा वर्षांची थाप उघडी पडेल. ते सीटवर हातभर उडाले आणि ओरडले, "अगं, गुदगुल्या! गुदगुल्या व्हत्यात!"

"होऊ देत," काकू म्हणाल्या. त्यांनी हात काढला नाही.

सदतीस वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याला गुदगुल्या होत नाहीत हे ठाऊक नसेल का? पण त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि सुभेदार मिशा हलवत अंग चोरत होते, इतक्या मनापासून की मलाही खरं वाटावं. आता उरलेला जन्म त्यांना गुदगुल्या होणारच होत्या. स्कूटर वळणावर गेली तरी त्यांचं ओरडणं ऐकू येत होतं. माझे डोळे भरून आले, म्हणून मी उगाच फाटकाची कडी घालत बसलो.