मैदानाकडे पाठ

खो-खोचा एक सामना मी एकटीने हरले आहे. आता तुम्ही म्हणाल, खो-खोत तर नऊ जणी असतात. असतात ना. त्या नऊ जणी बिचाऱ्या बरोबर खेळायला तयार होत्या. त्यांना हरवलं मैदानाबाहेर उभ्या असलेल्या एका तिशीतल्या बाईने, जिने गळ्यात शिट्टी अडकवली होती आणि डोक्यात हवा भरली होती. ती बाई म्हणजे मी. आज नातवंडं मला आजी म्हणून जरा तरी मान देतात, कारण त्यांनी तेव्हाची मी पाहिलेली नाही.

पण गोष्ट माझी नाही, गावंडे बाईंची आहे.

अकोल्याच्या जुन्या शहरात आमची कन्याशाळा. मी, म्हणजे देशपांडे बाई, मराठी शिकवायचे, गावंडे बाई खेळ. त्या तेल्हाऱ्याच्या शेतकरी घरातल्या. मी अमरावतीच्या वकिलाची मुलगी, म्हणजे अकोल्यात नोकरी करून अकोल्यावर उपकार करत होते. पहिल्यांदा त्यांना सामन्यात पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय. सामना सुरू झाला की त्या आपली खुर्ची उचलून उलटी वळवायच्या आणि मैदानाकडे पाठ करून, कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या. मांडीवर फुटाण्यांची पुडी. मुली जिंकोत, हरोत, बाई भिंत बघतायत आणि फुटाणे खातायत.

"बाई, मैदान तिकडे आहे," मी एकदा न राहवून म्हटलं.

"हाव, मले मालूम आहे. तीस वर्षांची तूच काय ते एकटी शहाणी नाई."

"मग पाहत का नाही?"

"मी पाह्यलं का पोट्ट्या माह्याकडं पाहतात. मंग खेळते कोण?"

दुसरा त्यांचा छंद ऐकण्याचा. कोणी रडत आलं, भांडत आलं, की बाई त्याच्या हातावर मूठभर फुटाणे ठेवायच्या आणि म्हणायच्या, "मंग?" बस. सल्ला नाही, उपदेश नाही. समोरचा बोलून थांबला की बाई लगेच बोलायच्या नाहीत, आणखी दोन फुटाणे चावायच्या. त्यांचा सिद्धांत होता की माणूस आधी सांगतो ती गोष्ट खोटी नसते, पण खरी गोष्ट दोन फुटाण्यांनंतर येते. आमचे हेडमास्तर एकदा त्यांना झापायला आले आणि पाव किलो फुटाणे संपवून, स्वतःच्या मेहुण्याचं सगळं दुःख सांगून परत गेले.

तर त्या वर्षी बाईंच्या सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, बाई महिनाभर रजेवर गेल्या आणि संघ माझ्याकडे आला. मला अगदी आकाश ठेंगणं झालं! मी एक पद्धतच काढली. रांगेत बसणाऱ्या आठ मुलींना एक ते आठ नंबर दिले. मी बाहेरून नंबर ओरडणार, पाठलाग करणारीने त्याच नंबरच्या पाठीवर थाप मारून 'खो' म्हणायचं, आणि फक्त तिने उठायचं. "आपल्या मनाने कोणी काही करायचं नाही," मी बजावलं. महिनाभर मैदानावर नुसतं "चार! सात! दोन!" चाललेलं. शेजारच्या चहावाल्याला वाटलं, शाळेत पाढे घेतात.

सामना अमरावतीला, म्हणजे माझ्या माहेरी. आई, वडील, आत्या, सगळे बघायला येणार. आनंदाच्या भरात मी एसटीत मुलींबरोबर गाणी म्हटली आणि मूर्तिजापूरच्या स्टँडवर बर्फ घातलेला उसाचा रस दोन ग्लास प्याले. सकाळी उठले तर घशातून फक्त हवा.

सामना सुरू झाला. नऊच्या नऊ मुली माझ्या तोंडाकडे बघतायत. मी चार बोटं दाखवली. मग सहासाठी एक हात आणि वर एक बोट. समोरून आत्याला वाटलं, मी तिलाच हात करतेय. तिनेही उभं राहून दोन्ही हात हलवले. आमच्या मुली गोंधळून आत्याकडे बघायला लागल्या. तेवढ्यात पळणारी मुलगी सुनंदा नावाच्या आमच्या छोट्या खेळाडूच्या समोरून, अगदी हातभर अंतरावरून निघून गेली. सुनंदाच्या पाठीवर 'खो' बसला होता, तरी ती उठली नाही. ती माझ्या बोटांवर आपला नंबर शोधत होती.

आम्ही अशा हरलो की पंचांनी मला पाणी विचारलं.

आणि मग मी ते केलं, जे आठवलं की अजून कान गरम होतात. ओरडायला आवाज नव्हता, म्हणून मी ओरडले कागदावर. वहीचं पान फाडून लिहिलं, "डोळे फुटले होते का? तुझ्यामुळे हरलो." आणि ती चिठ्ठी सुनंदाच्या हातात दिली. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, मराठीची शिक्षिका होते ना.

सुनंदा शाळेत यायची बंद झाली.

गावंडे बाई रजेवरून आल्या. मी सगळं सांगितलं, म्हणजे सांगितलं की मुली कच्च्या आहेत, माझी पद्धत चांगली होती, घसाच ऐन वेळी बसला. बाईंनी फुटाणे दिले. "मंग?" मी आणखी बोलले. बाईंनी दोन फुटाणे चावले. आणि माझ्या तोंडून ती चिठ्ठी निघाली.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या चपला घालायला लागल्या. "चाल," म्हणाल्या.

सुनंदा जुन्या शहरातच मामांकडे शिकायला राहायची. आई-वडील तेल्हाऱ्याला. आम्ही गेलो तर ओसरीवर तिची पिशवी भरून ठेवलेली. मामी म्हणाल्या, "परवा बाप नेऊन राहिला तिले. म्हन्ते, शाळाच नको." पोरीची शाळा सुटणार होती, आणि ती कोणामुळे हे त्या घरात फक्त आम्हा तिघींना ठाऊक होतं.

बाईंनी सुनंदाच्या हातावर फुटाणे ठेवले. मग दुप्पट मोठी मूठ माझ्या हातात. "तू बी खा. तोंड भरून खा. तुहं तोंड रिकामं राह्यलं का पंचाईत होते."

मग बाई थांबल्या. सुनंदा बोलेना. मला राहवेना, पण गाल भरलेले. मामींच्या वरणाचा वास येत होता, बाई निवांत. शेवटी पोरगी म्हणाली,

"मले दिसत व्हती ना ते. पायाचा आवाज बी आला. पन बाईनं सांगतलं व्हतं, आपल्या मनानं उठाचं नाई."

"मंग?"

"मंग काई नाई." दोन फुटाणे. "मले खेळाचं आहे."

"मंग काय केलं पाहिजे, तूच सांग."

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि तेरा वर्षांच्या त्या मुलीने मला शिक्षा सुनावली. "पुढच्या बारीले देशपांडे बाईले बी तुमच्या बाजूले बसवा. उलटं."

मी फुटाण्यांसकट मान हलवली. माफीही मागितली, तोंड रिकामं झाल्यावर. बापाला, न्यायला येऊ नका, असा निरोप मामांनीच पाठवला.

वर्षभर गावंडे बाईंनी मुलींना जवळजवळ काहीच सांगितलं नाही. सराव संपला की गोल करून विचारायच्या, "आज काय चुकलं?" मुली इतकं भांडायच्या की मला मध्ये पडावंसं वाटायचं, बाई माझ्या तोंडात फुटाणा टाकायच्या. पुढचा सामना आला. सुनंदा कर्णधार. आम्ही दोघी खुर्च्या उलट्या करून, भिंतीवरची बियाण्यांची जाहिरात वाचत बसलेल्या. मी ती जाहिरात चाळीस वेळा वाचली. माझी मान आपोआप वळायला लागली की बाई कोपराने ढोसायच्या. आणि मग माझ्या लक्षात आलं, बाईंचे डोळे मिटलेले आहेत. प्रत्येक 'खो'च्या आवाजावरून त्या पुटपुटत होत्या, "हे शबाना... हे आपली सुनंदा... उठली, उठली माय, बरोबर उठली!"

एका गुणाने हरलो. परतीच्या एसटीत बारा मुलींनी बारा वेगवेगळे सामने सांगितले, आणि बाईंनी अकोल्यापर्यंत बाराही ऐकले. मला कोणी काहीही विचारलं नाही. तसा आनंदाचा प्रवास मी पुन्हा केलेला नाही.

आता सुनंदा शेंदूरजनाघाटच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. गेल्या हिवाळ्यात तिचा संघ अमरावतीला आला, तेव्हा तिने आम्हा दोघींना बोलावलं. गावंडे बाई ऐंशीच्या, मी पासष्टीची. प्लास्टिकच्या खुर्च्या, तोंडं भिंतीकडे. सामना रंगात आलेला आणि बाईंचा मोबाईल वाजला. पुण्याहून त्यांची मुलगी, एकुलती एक, पंचावन्न वर्षांची. फोन मोठ्यावर होता, मला सगळं ऐकू आलं. "आई, आज मेथी करू की फ्लॉवर?"

"तुले काय खावंसं वाटते?"

"तू सांग ना."

"मेथी कर, माय."

फोन बंद झाला. मी हसत म्हटलं, "बाई, पस्तीस वर्षं झाली. आता तरी एकदा वळून सामना बघा. आता कोण तुमच्याकडे बघतंय?"

बाईंनी दोन फुटाणे चावले. मागे मुलींचा गलका चालला होता. मग त्या म्हणाल्या,

"वाटते वं, लई वाटते. पन माह्या पोरीचं मी सारं पाह्यलं. ते बी खो-खो खेळे, अन् मी खांबाजवळ उभी राहून वरडो, ऊठ, बस, पळ. फ्राक कोनता, मैतरीन कोनती, कालेज कोनतं, सारं मीच ठरवो. आता भाजी ठरली का फोन ठेवून देते. मी म्हणते, अजून काई सांग ना वं माय, तुहं. तर म्हन्ते, काय सांगू, तूच सांग."