एका तांब्यावर जिंकलेली फायनल

तुम्हाला पटणार नाही, पण गेल्या मे महिन्यात घाटकोपरला झालेली कबड्डीची फायनल आमच्या मंडळाने माझ्या एका तांब्यावर जिंकली.

परवा मी हे श्वेताला सांगत होतो. श्वेता म्हणजे आमच्या मंडळाचा हुकमी चढाईपटू प्रीतम, त्याची बायको. लग्नाला सहा महिने झाले, तरी नवऱ्याचा जीव कुणी वाचवला हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. म्हटलं, आपणच सांगावं. आमची बायको कमल बाजूला बसून कोलंबी सोलत होती. तिचं लक्ष नाही असं मला वाटलं.

"आधी मी कोण ते समजून घे," मी श्वेताला म्हणालो. "मरोळच्या औषधाच्या कारखान्यात बत्तीस वर्षं मी ओआरएसची पाकिटं भरली. अर्ध्या देशाचे जुलाब या दोन हातांनी थांबवलेत."

"बापरे," श्वेता म्हणाली.

"तर रविवारी फायनल आणि शुक्रवारी सकाळी प्रीतम आडवा. मुलुंडला कुणाच्या हळदीला गेला होता, तिथलं मटण बाधलं. पहाटेपासून नऊ वेळा जुलाब. समोरचा संघ असा, की चार वर्षं आम्हाला माती चारतोय. प्रीतम नाही म्हणजे आमची वाट लागली. आमचे कोच, भाऊ, रडायच्या बेतात. मी म्हटलं, भाऊ, बाजूला व्हा."

"मग?"

"पाकिटावर लिहिलेलं असतं, एका लिटरला एक. अगं, एवढ्या पाण्यात ते औषध शोधायला एखादा पाणबुड्या उतरवावा लागेल! सहा फुटी गड्याला कडकच हवं. मी तांब्याभर पाण्यात तीन पाकिटं घातली. तरी चव येईना, म्हणून बहिणीने कुडाळहून पाठवलेलं कोकमाचं आगळ ओतलं, चांगलं पाव बाटली. खारवलेलं, अस्सल. रंग असा आला, की देव्हाऱ्यात ठेवावा."

कमलने एक कोलंबी जरा जोरात सोलली.

"अर्धा तांब्या एका दमात पोटात गेला. आणि तहान अशी लागली, की विचारू नकोस! जीभ म्हणजे पायपुसणं. म्हणून उरलेला अर्धाही गेला. मग पंखा उलटा फिरायला लागला. छातीत ढोलताशे. कॅलेंडरावरचे गणपतीबाप्पा डोळा मारायला लागले."

"हे प्रीतमने सांगितलं तुम्हाला?"

"माणसाच्या चेहऱ्यावरून कळतं गं. मग उलटी, मग रिक्षा, मग दवाखाना. तळमजल्यावरची नंदा पालिकेच्या दवाखान्यात नर्स आहे, ती रिक्षा यायच्या आतच धावत आली. तांब्याचा वास घेतला आणि माझ्यावरच उखडली. म्हणाली, 'काका, बत्तीस वर्षं पाकिटं भरलीत, एकदा तरी उलटं करून वाचलंत का? अख्खं पाकीट, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, बास. वरून साखर नाही, मीठ नाही आणि तुमचं आगळ तर नाहीच. थोडं थोडं, घोट घोट प्यायचं. चोवीस तासांनी उरलं तर ओतून टाकायचं. मीठ जास्त झालं तर औषधच माणसाला घेऊन जातं. त्यात तुम्ही बीपीवाले...'"

मी जीभ चावली.

"प्रीतमला बीपी आहे?" श्वेताने विचारलं.

"तेव्हा चढलं होतं. फायनलचं टेन्शन."

"बरं."

"तर दोन दिवस सलाईन. आणि रविवारी डॉक्टरांनी हो म्हटल्यावर पठ्ठ्या मैदानात. सतरा गुण! शेवटच्या चढाईत तिघांना लोळवून आला. ट्रॉफी मंडळात आहे, जाऊन बघ. भाऊंनी सगळ्यांसमोर माझे पाय धरले."

श्वेताने बोटांवर काहीतरी मोजलं. मुलगी बँकेत आहे, कागद तपासायची सवय.

"काका, प्रीतमला कोकम चालत नाही. आमटीत एक आमसूल सापडलं तरी ताट सरकवतो. मग तो तांब्या प्यायलं कोण?"

कमलने सुरी खाली ठेवली. "सांगा ना. खरा काय ता सांगा. त्याने वास घेतला आणि तांब्या परत दिला. 'एवढं आगळ वाया कशाला घालवायचं' म्हणून घटाघटा कोण प्यायलं? दोन दिवस मी कुणाच्या उशाशी बसले होते?"

मी खोटारडा नाही, विचारलं की लपवत नाही. पण फायनल माझ्याच तांब्यावर जिंकली, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो. मला चौघांनी उचलून रिक्षात घातलेलं बघून प्रीतम एवढा हादरला, की नंदाने करून दिलेलं ते पाणचट लिटर त्याने घोट घोट करत, एक थेंब न सांडता, मुकाट्याने संपवलं.