जिवंतांचे शोकप्रस्ताव

स्वतःच्या मरणावरचं भाषण मी पहिल्यांदा ऐकलं ते शेजारच्या भाऊसाहेबांच्या ओसरीवर, हातात चहाचा कप घेऊन.

भाऊसाहेब आधी अकोल्याच्या कोर्टात वकील, मग आमदार. निवडणुकीत पडले आणि अमरावतीला आमच्या शेजारी राहायला आले. आमदारकी गेली, पण शोकप्रस्तावाची हौस काही गेली नाही. विधानसभेत वारलेल्यांवर बोलतात. भाऊसाहेब जिवंतांवर बोलत. भर दुपारी, गल्ली चिडीचूप असताना, रिकाम्या खुर्चीला म्हणत, "अध्यक्ष महाराज..." आणि थांबत. कान देत. परवानगी मिळाल्यासारखी मान हलवत. त्या खुर्चीवर मांजरही बसत नसे.

माझ्या प्रस्तावात 'मनमिळाऊ, सुगरण' वगैरे आलं. मी तेव्हा चाळिशीची, पण अक्कल परकर-पोलक्यातली. भ्यायचं सोडून म्हणाले, "भाऊसाहेब, दिसायलाही बरी होती, तेवढं घाला की!" त्यांनी घातलं. मग माझ्यासाठी ओसरीवरचे आम्ही सगळे स्तब्ध उभे राहिलो. मीसुद्धा!

पुढे पोस्टमास्तरांचा प्रस्ताव झाला. आठवडा उलटायच्या आत मास्तर गेले. मग पिठाच्या गिरणीवाला. तेव्हापासून लोक त्या फाटकासमोरून मान खाली घालून जाऊ लागले. "आपलं नाव घेईन थो," असं म्हणत दूधवाला भाऊसाहेबांचंही दूध माझ्याकडेच ठेवून पळे. मी मात्र म्हातारी झाले तरी टुणटुणीत!

यंदा भाऊसाहेबांच्या शांताबाई अंथरुणाला खिळल्या. डॉक्टरांनी 'घरी न्या' म्हटलं. एका दुपारी मी उशाशी बसले होते. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "साऱ्या गल्लीचं बोलले, माह्यं कावून नाही बोलत? मले माह्या कानानं ऐकू द्या ना."

भाऊसाहेब उठले. दाराकडे तोंड करून म्हणाले, "अध्यक्ष महाराज..." थांबले. कान दिला. दारात कोणी नव्हतं. म्हणजे नसावं; मी वळून पाहिलंच नाही. भाऊसाहेबांची मान काही हलेना.

शेवटी मीच म्हणाले, "अहो, माझा प्रस्ताव होऊनही मी तुमच्यासमोर बसले आहे. भिता कशाला?"

"भेत नाही, वैनी." आवाज ना वकिलाचा होता, ना आमदाराचा. "प्रस्ताव झाला का सभागृह तहकूब होते. सारे उठून जातेत. मंग मी एकटा कुठं बसू?"

शांताबाईंनी हळूच पाय आखडून पलंगावर जागा केली.

"या, इथं बसा," म्हणाल्या.